अटक आधी, नाव नंतर

प्रति,
आमच्या नावांच्या नोंदी ज्यांच्या ताब्यात आहेत, त्या राज्यातल्या सर्व खात्यांच्या अधिकाऱ्यांस

विषय : माझी आई एकच आहे, याबद्दल

महोदय, महोदया,

पुण्याहून लग्न होऊन आमच्याकडे आलेल्या वहिनीनं बडोद्यातला पहिला सरकारी फॉर्म हातात घेतला, तेव्हा तिचा चेहराच उतरला. पहिल्याच रकान्यात लिहिलं होतं, 'अटक'. "मी अजून काही केलंही नाही," ती भावाला म्हणाली. गुजरातीत अटक म्हणजे आडनाव, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आलेल्यागेलेल्याला हा किस्सा आमच्याकडे हमखास ऐकवला जायचा. गेले सात महिने कुणी ऐकवलेला नाही.

वडील गेल्या आश्विनात वारले. ३४ वर्षं राज्य सरकारची नोकरी करून निवृत्त झालेला माणूस. त्यांच्यामागे आईला फॅमिली पेन्शन सुरू व्हायला हवी होती. ती झालेली नाही. आई ८१ वर्षांची आहे, चालतीबोलती आहे, खिडकीसमोर स्वतः जाऊन उभी राहिली आहे. पण कागदांच्या हिशेबानं ती एक बाई नाही, सात आहेत.

चार अर्ज दिले. चारही पोचपावत्या व्यवस्थित फायलीला लावल्या आहेत. त्यापलीकडे काही आलं नाही, म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे. आईला स्वतःचं नाव चव्हाट्यावर नको आहे. तेव्हा समजा, आई विमल, वडील विनायक आणि अटक जाधव. मामला मात्र जसाच्या तसा आहे.

पहिल्यांदा अर्ज परत आला त्या रात्री मी आईच्या पलंगावर सगळे कागद मांडले. वडिलांच्या सर्व्हिस बुकात १९६६ साली कुणीतरी सुरेख वळणदार गुजरातीत लिहिलंय : जादव विमलबेन विनायकभाई. जाधवांचा 'ध' तिथेच गळला. 'जादव' ही गुजरातेत चांगली रुळलेली अटक आहे, लिहिणाऱ्याच्या हाताला तीच सवयीची असणार. रेशन कार्डावर 'जाधव विमळाबेन विनायकराव'. मतदार ओळखपत्रावर 'बेन' आहे, पण वडिलांचे 'भाई' आणि 'राव' दोन्ही उडालेत. बँकेच्या पासबुकात 'विमलाबाई व्ही. जाधव', कारण खातं उघडलं तेव्हा मॅनेजर मराठी होते. आधारवर 'विमल विनायक जाधव'. आणि सातारा जिल्ह्यातल्या शाळेचा दाखला, तळाशी गोल शिक्का, त्यावर 'शांता दत्तात्रय माने'.

सातवा कागद पॅन कार्ड. पॅनच्या दहा अक्षरांत चौथं अक्षर व्यक्तीसाठी 'पी' असतं आणि पाचवं त्या व्यक्तीच्या आडनावाचं आद्याक्षर. आईचं पॅन ज्या एजंटानं काढून दिलं त्यानं रेशन कार्ड पुढ्यात ठेवून नाव भरलं, अटक आधी, आणि कानाला लांबलचक वाटला म्हणून 'बेन' गाळला : जाधव, विमळा, विनायकराव. फॉर्ममध्ये पहिलं ते नाव आणि शेवटचं ते आडनाव. झालं! आईचं पाळण्यातलं नाव जाधव, आडनाव विनायकराव, आणि पाचवं अक्षर 'जे' असायचं ते 'व्ही'. नवराच बायकोचं आडनाव झाला. वडील असते तर महिनाभर हसले असते.

खिडकीवरचा मुलगा तिशीतला होता आणि सभ्य होता, हे मुद्दाम लिहिते. "बा, नाम मॅच नथी थतुं," असं म्हणून त्यानं मॉनिटर आमच्याकडे वळवून दाखवला. प्रत्येक फरकासाठी वेगळं सोगंदनामुं (म्हणजे प्रतिज्ञापत्र), वर्तमानपत्रात जाहिरात, राजपत्रात प्रसिद्धी आणि 'ही तीच बाई' असं सांगणारे दोन साक्षीदार, असं त्यानं एका चिठोऱ्यावर लिहून दिलं. मी म्हटलं, यातला मुख्य कागद तर सरकारी माणसानंच लिहिलाय, आईनं नाही. त्यानं मान डोलावली. मग म्हणाला, "आखी दुनियामां नाम एक ज रीते लखाय, बेन."

मला 'बेन' म्हणतच म्हणाला. मात्र आईच्या नावातला 'बेन' त्याला मॅच होत नव्हता.

आता तक्रारी. पहिली याच 'भाई', 'बेन'ची. हे शब्द माझ्या कानाला गोड लागतात. मी इथेच जन्मले, रावपुऱ्यात शाळेत गेले. मला नुसतं नावानं कुणी हाक मारली तर तो रागावलाय की काय असं वाटतं. १९६६ च्या त्या कारकुनानं आईला 'बेन' लावलं ते मानानंच. शिवाय त्याला एक व्यवहाराचं कारणही होतं. आईच्या पिढीत मराठी घरांत विमल हे मुलीचं नाव. गुजरातेत विमल हा मुलगा. 'बेन' लावलं नसतं तर पगारपत्रकात वडिलांना विमल नावाचा भाऊ चिकटला असता. आणि खरंच, आधारवरचं नाव पाहून आईला हल्ली 'श्री' म्हणून पत्रं येतात. म्हणजे लावलं तरी पंचाईत, काढलं तरी पंचाईत. माणसानं मानानं जोडलेला शब्द कॉम्प्युटरनं नावाचा अवयव म्हणून मोजला आणि त्याची किंमत ८१ वर्षांची बाई भरते आहे. हे आमचंच आहे असंही नाही. आमच्या वाड्यातल्या पटेलांकडे मुलाच्या मार्कशीटवर वडील 'भाई'सकट आणि पासपोर्टात 'भाई'शिवाय आहेत. तेव्हा कृपा करून याला मराठी-गुजराती रंग देऊ नका.

दुसरी तक्रार नावांच्या क्रमाची. मराठी माणूस स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहितो. इथल्या शाळांच्या जनरल रजिस्टरात वर्षानुवर्षं अटक आधी, मग नाव, मग वडील. दोन्ही पद्धतींत सामान तेच, फक्त रचणूक वेगळी. आता शाळेतल्या मुलांसाठी बारा आकडी अपार आयडी आलं, त्यासाठी शाळेतलं नाव आधारशी जुळावं लागतं. भाच्याच्या मुलीच्या शाळेतून निरोप आला, 'नाव दुरुस्त करून आणा.' सात वर्षांची पोर. तिच्या नावात चूक कुठली? तीन शब्द, तेच तीन शब्द. दुरुस्ती रकान्यांची करायची की पोरीची?

तिसरी, लिपीची, थोडक्यात. जाधव ते जादव मी सांगितलंच. चव्हाणांचे चौहान झालेली दोन घरं आमच्याच गल्लीत आहेत. 'ळ'च्या बाबतीत गुजराती लिपी आपली सख्खी, तिच्यात तो आहे. पण इंदूरच्या मावशीचे 'काळे' हिंदीत 'काले' झाले ते झालेच. आणि इंग्रजीत तर काळे आणि काले एकाच ओळीत उभे. पासपोर्टाच्या खालच्या, मशीननं वाचायच्या दोन ओळींत इंग्रजी कॅपिटल अक्षरं, आकडे आणि '<' हे चिन्ह यांशिवाय काही बसत नाही. नावासाठी जागा ३९ घरांची, आडनाव आधी. त्या ३९ घरांत 'ळ' बिऱ्हाड करू शकत नाही, हे मान्य. पण तिथली अडचण गल्लीतल्या ऑफिसनं नियम म्हणून का राबवावी?

चौथी तक्रार बायकांची. तिच्यावर मी इतरांपेक्षा जास्त लिहिणार आहे.

१९६३ साली आईचं लग्न झालं. आपल्याकडे ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नव्या नवरीचं नाव लिहितात. वडिलांनी 'विमल' लिहिलं, जमलेल्यांना पेढे वाटले, शांता दत्तात्रय माने ही मुलगी विमल विनायक जाधव झाली. लग्नाची सरकारी नोंद तेव्हा कोण करत होतं? नाव तांदळात लिहिलं आणि तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजवला. पुरावा पोटात गेला. आता खिडकीवरून विचारतात, शांताची विमल झाल्याचा कागद कुठे?

हे आपल्याच शहरात विचारतात याची मला गंमत वाटते. कवळाण्याच्या गोपाळरावांना १८७५ साली बडोद्याच्या गादीसाठी दत्तक घेतलं आणि त्यांचे सयाजीराव झाले. त्यांची पहिली पत्नी तंजावरची लक्ष्मीबाई, लग्नानंतर चिमणाबाई. त्या १८८५ मध्ये गेल्या. दुसरी पत्नी देवासच्या घाटग्यांची गजराबाई. त्याही लग्नानंतर चिमणाबाई. राजाचं नाव बदललेलं, दोन्ही राण्यांची बदललेली, वर दोघींचं नाव एकच. आजच्या सिस्टमनं पहिलीची पेन्शन दुसरीच्या खात्यात टाकून फाईल बंद केली असती. पहिल्या चिमणाबाईंच्या नावाचा टॉवर रावपुऱ्यात उभा आहे, त्याच्यावरून मी रोज जाते. आणि राजांचंच कशाला, हे गाव इंग्रजीत बरोडा होतं ते १९७४ साली अधिकृतपणे वडोदरा झालं. विद्यापीठाच्या आणि बँकेच्या पाटीवर अजून बरोडा आहे, आम्ही घरात बडोदं म्हणतो. गावाकडे कुणी दोन साक्षीदार मागितले नाहीत.

माझं स्वतःचं सांगते आणि पुढे जाते. माझी पदवी वडिलांच्या नावानं, पासपोर्ट नवऱ्याच्या. नवऱ्याचं नाव मधे घालायचं की नाही हे मला कुणी विचारलं नव्हतं, फॉर्ममध्ये 'वडील / पती' असा रकाना होता आणि काकांनी भरून टाकला. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम ठरला आहे. चांगलंच आहे. पण वहिनीच्या भावाचं चार शब्दांचं बाळ उद्या बडोद्यात शाळेत घालायचं झालं, तर इथल्या तीन रकान्यांत कुणाला बाहेर ठेवायचं? माझा अंदाज, आईला.

आता त्या 'आखी दुनियामां'कडे येते. ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

सगळ्या दुनियेत नाव एकाच रीतीनं लिहीत नाहीत, साहेब. हंगेरीत अटक आधी, अगदी आपल्या गुजरातसारखी. जपानातही आधीच, इंग्रजीत लिहिताना ते लोक उलटं लिहीत, पण १ जानेवारी २०२० पासून त्यांच्या सरकारनं सरकारी कागदांत इंग्रजीतही घराण्याचं नाव आधी ठेवायचं ठरवलं. तुर्कस्तानात १९३४ पर्यंत बहुतेकांना आडनावच नव्हतं, कायदा करून घ्यायला लावलं. आइसलंडमध्ये बहुतेकांना अजूनही घराण्याचं नाव नसतं. वडिलांच्या किंवा आईच्या नावाला मुलगा किंवा मुलगी असा प्रत्यय, आणि छापील फोन डिरेक्टरीही पहिल्या नावानं लावलेली असायची. रशियात मधे वडिलांचं नाव, आपल्यासारखंच. म्यानमारमध्ये आडनावाची भानगडच नाही. १९६१ ते १९७१ संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस असलेले ऊ थांट आठवतात? त्यातलं 'ऊ' हे नाव नव्हेच, वडीलधाऱ्या पुरुषाला लावायचा मानाचा शब्द, आपल्या 'राव'सारखा, 'भाई'सारखा. थांट एवढंच नाव. बडोद्यात असते तर दोन रकाने रिकामे म्हणून फॉर्म परत आला असता.

इतकं लांब तरी कशाला? विश्वनाथन आनंद यांचं नाव आनंद. विश्वनाथन हे वडिलांचं. तमिळ लोकांत सहसा आडनाव नसतं, वडिलांचं नाव किंवा त्याचं आद्याक्षर पुढे येतं. परदेशी मंडळी त्यांना लाडानं 'विशी' म्हणतात, म्हणजे वडिलांना हाक मारतात. अशाच घरांतली एकेरी नावाची माणसं २०२२ च्या नोव्हेंबरात अडकली. संयुक्त अरब अमिरातीनं पासपोर्टात एकच नाव असलेल्यांना भेटीच्या व्हिसावर घेणं थांबवलं होतं. 'पहिलं, मधलं, शेवटचं' हे तीन रकाने जगाची रीत नाहीत. कुणातरी एका समाजाची सवय छापून आली आणि बाकीचे आपापली नावं तोडून त्यात बसवत आहेत.

कायद्यात वाट नाही असंही नाही. जन्ममृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात कलम १५ आहे : नोंद चुकीची असल्याची खात्री पटली तर निबंधकानं मूळ नोंदीला हात न लावता समासात दुरुस्ती लिहावी, सही करावी, तारीख घालावी. किती सोपं, किती शहाणं! जुनं राहतं, नवंही दिसतं, आणि दोन्ही एकाच माणसाचं आहे हे पानावरच कळतं. सर्व्हिस बुकाला समास नसतो का? २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानं सीबीएसईच्या प्रमाणपत्रांवरच्या नावांच्या खटल्यात सांगितलं, की स्वतःचं नाव हा माणसाच्या ओळखीचा भाग आहे आणि त्यावरचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९ मधल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यात येतो. आणि जन्ममृत्यू नोंदणीच्या त्याच कायद्यात १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनं त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्माचा दाखलाच शाळेपासून लायसनपर्यंत सगळीकडे मुख्य पुरावा होणार आहे. म्हणजे आज ज्या पोराच्या वडिलांना नोंदवणारा हात 'भाई' लावतो आहे, त्या पोराचा सोगंदनामुं आजच टाइप व्हायला लागला.

मागण्या साध्या आहेत.

नावांचा क्रम मागेपुढे असणं, भाई-बेन-कुमार-राव-बाई असणं किंवा नसणं, आणि ध-द, ळ-ल सारखे लिपीतले फरक, यांना 'मिसमॅच' म्हणू नका. याची लेखी यादी काढून प्रत्येक खिडकीवर लावा. जन्मतारीख, फोटो, पतीचं नाव जुळत असेल तर खिडकीवरच्या अधिकाऱ्यानं स्वतः शेरा मारून पुढे जावं, एवढा अधिकार त्याला द्या. त्या तिशीतल्या मुलाला तो हवा होता, मला दिसत होतं.

चूक ज्या दप्तरात झाली त्या दप्तरानं ती निस्तरावी, समासात, फुकट. वर्तमानपत्रात जाहिरात आम्ही कशासाठी द्यायची?

एका खात्यानं मान्य केलेलं दुसऱ्यानं मान्य करावं. सात कागदांसाठी सात प्रतिज्ञापत्रं हा कारभार नव्हे, स्टॅम्प विक्री आहे.

नव्या फॉर्मांत 'पहिलं' आणि 'शेवटचं' हे शब्दच नकोत. स्वतःचं नाव, आईचं, वडिलांचं किंवा पतीचं हवं असेल तर तेही, आणि अटक, असे रकाने त्या त्या नावानं करा. ज्याला अटक नाही त्याचा रकाना रिकामा चालू द्या. शेजारी आपल्या लिपीत पूर्ण नाव लिहायला एक मोठी ओळ ठेवा. आणि यापुढे मानाचे शब्द तोंडी वापरा, भरपूर वापरा, पण ज्याचं नाव त्यानं सांगितल्याशिवाय रजिस्टरात घालू नका.

लग्नात नाव बदललेल्या आणि लग्न नोंदवलेलं नसलेल्या वयस्क बायकांसाठी वेगळी सोय करा. त्यांच्याकडे कागद नाही, तो कधी नव्हताच. पन्नास वर्षांचं रेशन कार्ड आणि मुलांचे जन्मदाखले पुरेसे धरा.

राहता राहिलं आमचं प्रकरण. आईला येत्या सोमवारी पुन्हा बोलावलं आहे, दोन साक्षीदारांसह. अट अशी, की त्यांनी तिला लग्नाआधीपासून ओळखलेलं हवं. शांताला ओळखणारी माणसं आता दोनच उरली आहेत. साताऱ्याच्या मामांना रात्रीच्या गाडीनं आणतो आहोत. दुसरी तिची दांडिया बाजारातली मावसबहीण, तिच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे, जिना तिला चढवत नाही. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे. मागच्या खेपेला लिफ्टवर 'बंद छे' अशी पाटी होती. सोमवारपर्यंत ती सुरू होईल का, एवढं तरी कळवावं.

आपली,
एका बडोदेकर आईची मुलगी